तुलना गटातील शून्य : विकिरित गव्हाच्या वादाचा प्रकरण अभ्यास

१९७५ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन’ या नियतकालिकात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील सी. भास्करम आणि जी. सदाशिवन यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तीव्र कुपोषणाने आजारी असलेल्या पंधरा बालकांना सहा आठवडे गव्हाचा आहार देऊन त्यांच्या रक्तपेशींतील गुणसूत्रे तपासल्याचा तो वृत्तांत होता. ज्या पाच बालकांना नुकताच गॅमा किरणांनी प्रक्रिया केलेला गहू दिला होता, त्यांच्या रक्तात गुणसूत्रांचे दोनाहून अधिक संच असलेल्या, म्हणजे पॉलिप्लॉइड, पेशी दिसल्या आणि आहाराचे दिवस वाढले तसे त्यांचे प्रमाणही वाढले. प्रक्रियेनंतर बराच काळ साठवलेला गहू खाणाऱ्या पाच बालकांत त्या पेशी कमी दिसल्या. साधा गहू खाणाऱ्या पाच बालकांत मात्र अशी एकही पेशी आढळली नाही.

हा निबंध पुढे अनेक वर्षे जगभर उद्धृत होत राहिला. विकिरणाने, म्हणजे अशा किरणांच्या प्रक्रियेने, अन्न टिकवण्याच्या विरोधात बोलणाऱ्यांचा तो मुख्य आधार होता आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांना त्याला उत्तर द्यावे लागले. वादाच्या दोन्ही बाजूंनी बहुतेक वेळा विकिरित गहू खाणाऱ्या बालकांच्या आकड्यांवर भर दिला. माझ्या मते प्रकरणाची किल्ली दुसऱ्या रकान्यात, साध्या गव्हाच्या गटापुढे लिहिलेल्या शून्यात आहे.

गव्हावर किरण कशासाठी

साठवणीतल्या गव्हाला सोंडे, पोरकिडे आणि खापरा भुंगेऱ्याच्या अळ्या लागतात. त्यांपैकी सोंड्याची मादी दाण्याला बारीक छिद्र पाडून आत अंडे घालते आणि छिद्र बंद करते, त्यामुळे अळी आतल्या आत पिठूळ भाग खात वाढते व पूर्ण कीडा बाहेर येईपर्यंत दाणा वरून धडधाकट दिसतो. गोदामात धुरी देऊन कीड मारता येते, परंतु धुरीचा वायू दाण्याच्या आत पुरेशा प्रमाणात आणि पुरेसा वेळ पोहोचावा लागतो, शिवाय काही धुरीद्रव्यांचा अंश धान्यात मागे राहतो. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण पोते, दाणा आणि दाण्यातली अळी या सर्वांतून आरपार जातात. कमी मात्रेतही त्यांच्यामुळे किडीच्या वाढत्या व प्रजननक्षम पेशी निकामी होतात, म्हणून कीड लगेच मेली नाही तरी तिची पुढची पिढी जन्माला येत नाही.

हैदराबादच्या प्रयोगात गव्हाला ०.७५ किलोग्रे, त्या काळच्या एककात ७५ किलोरॅड, इतकी मात्रा दिली होती. याचा अर्थ दर किलो धान्याने ७५० ज्यूल ऊर्जा शोषली. एवढ्या ऊर्जेने एक किलो पाण्याचे तापमान अंशाच्या पाचव्या भागानेही वाढत नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते आणि ती धान्यात किरणोत्सार निर्माण करण्यास पुरेशी नसते, त्यामुळे गहू ‘किरणोत्सारी होतो’ हा प्रश्न या वादात शास्त्रज्ञांपुढे कधीच नव्हता. अमेरिकेने कीडनियंत्रणासाठी गव्हाच्या विकिरणाला १९६३ मध्येच परवानगी दिली होती. भारतात मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथे भाभा अणुसंशोधन केंद्राची अन्न विकिरण प्रयोगशाळा १९६७ मध्ये उभी राहिली. त्या काळी तेथे रुजू झालेल्या संशोधकासमोरचे प्रश्न तंत्राचे होते. कोणत्या किडीला किती मात्रा पुरते, पोत्याच्या मध्यभागी आणि कडेला मात्रेत किती फरक पडतो, कांद्याला कोंब येऊ नये म्हणून काढणीनंतर किती दिवसांत प्रक्रिया करावी, अशी त्यांची जातकुळी होती. १९७५ नंतर याच संशोधकांना उंदरांच्या अस्थिमज्जेतील गुणसूत्रे मोजत बसावे लागले.

पोषणशास्त्रज्ञांचा प्रश्न

राष्ट्रीय पोषण संस्थेने उपस्थित केलेला प्रश्न वावगा नव्हता, हे आधी स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. सरकारी गोदामातला गहू शेवटी ज्यांच्या ताटात जाणार होता, त्यांत अपुऱ्या आहारावर जगणारी मुले मोठ्या संख्येने होती. परदेशात झालेल्या सुरक्षिततेच्या चाचण्या चांगले खाणाऱ्या प्राण्यांवर झाल्या होत्या. कुपोषित शरीराची पेशी दुरुस्त करण्याची क्षमता कमी असेल तर तेच अन्न त्याला वेगळे बाधेल काय, हे विचारणे पोषणशास्त्रज्ञाचे कर्तव्यच होते.

‘ताजा’ आणि ‘साठवलेला’ विकिरित गहू असा भेद करण्यालाही रास्त कारण होते. गॅमा किरणांमुळे अन्नात मुक्त मूलके, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेले अस्थिर रेणू, तयार होतात. पाणीदार अन्नात ती क्षणार्धात एकमेकांशी किंवा इतर रेणूंशी संयोग पावून नाहीशी होतात. गव्हासारख्या कोरड्या दाण्यात रेणूंना हालचालीला वाव नसल्याने ती अडकून पडतात आणि साठवणीच्या काळात हळूहळू घटतात. गव्हात काही अपाय असेल तर तो प्रक्रियेनंतर लगेच सर्वांत जास्त आणि काही आठवड्यांनी कमी दिसायला हवा, अशी अपेक्षा त्यामुळे धरता येते. बालकांच्या तिन्ही गटांचे निष्कर्ष या अपेक्षेशी तंतोतंत जुळले आणि निबंध इतका पटणारा वाटण्याचे हेही एक कारण होते. मात्र अडकलेली मूलके दाणा भिजला, दळला, शिजला की झपाट्याने नाहीशी होतात आणि कोणीही गहू कोरडा गिळत नाही. पोटात जाईपर्यंत मूलके टिकतात असे गृहीत धरल्याशिवाय ताज्या-शिळ्याचा हा युक्तिवाद पुढे सरकत नाही, आणि ते गृहीतक प्रयोगात तपासलेले नव्हते.

प्रयोगाची रचना पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सुरुवातीला बालके दहा होती, पाच साध्या गव्हाच्या गटात आणि पाच ताज्या विकिरित गव्हाच्या गटात. साठवलेल्या गव्हाचा तिसरा गट नंतर जोडला गेला. तिन्ही गटांची तुलना करायची असेल तर ते एकाच वेळी, एकाच दवाखान्यात, एकाच हंगामात आणि चिठ्ठ्या टाकून ठरवलेले असावेत अशी अपेक्षा असते, कारण कुपोषित बालकांचे आजार, त्यांना होणारे संसर्ग आणि त्यांवरचे उपचार सतत बदलत असतात. १९७१ मध्ये मेक्सिकोतील संशोधकांनी ‘नेचर’ नियतकालिकात तीव्र कुपोषण झालेल्या बालकांच्या गुणसूत्रांत मोडतोड आढळल्याचे प्रसिद्ध केले होते, आणि त्यांच्या बालकांनी विकिरित अन्न खाल्ले नव्हते. कुपोषण हाच जर गुणसूत्रांवर परिणाम करणारा घटक असेल, तर हैदराबादच्या बालकांत आहार सुरू होण्यापूर्वीच काही ना काही बिघाड दिसायला हवा होता. निबंधानुसार ती मूळ पातळी शून्य होती.

शून्याचा अर्थ

रक्तातील लिम्फोसाइट पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, एरवी विभागत नाहीत. त्यांना प्रयोगशाळेत पोषक द्रवात वाढवून विभाजनास प्रवृत्त करावे लागते. विभाजनाच्या मध्यावर एका औषधाने ते थांबवले की गुणसूत्रे सुटी दिसतात. मग पेशी फुगवून, काचपट्टीवर पसरवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजली जाते. नेहमीच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, तर पॉलिप्लॉइड पेशीत बहुधा ९२. दोन शेजारच्या पेशी काचेवर एकमेकींवर पसरल्या तर त्यांची मिळूनही ९२ गुणसूत्रे दिसतात आणि ती एक पेशी की दोन, हे पाहणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून राहते. पेशी किती तास वाढवल्या यावरही पॉलिप्लॉइड पेशींचे प्रमाण बदलते. म्हणून असे नमुने सांकेतिक क्रमांक देऊन, कोणता नमुना कोणाचा हे मोजणाऱ्याला कळू न देता वाचावे लागतात.

पॉलिप्लॉइड पेशी हा स्वतः रोग नाही. निरोगी यकृतात त्या भरपूर असतात आणि रक्तबिंबिका तयार करणाऱ्या अस्थिमज्जेतील मोठ्या पेशी तर मुळातच पॉलिप्लॉइड असतात. निरोगी माणसाच्या वाढवलेल्या लिम्फोसाइटमध्येही त्या तुरळक आढळतात आणि त्यांचे प्रमाण माणसागणिक, शिवाय त्याच माणसात दिवसागणिक बदलते. निबंधाच्या लेखकांनीही पॉलिप्लॉइड पेशींचे जैविक महत्त्व स्पष्ट नसल्याचे नमूद केले होते, तरीही कर्करोगाशी त्यांचा संबंध आढळतो म्हणून सावधगिरीचा इशारा दिला होता.

या प्रयोगावरच्या टीकेतला सर्वांत ठोस मुद्दा मोजलेल्या पेशींचा होता. प्रत्येक बालकाच्या नमुन्यात सुमारे शंभर पेशी मोजल्या गेल्या, म्हणजे पाच बालकांच्या गटात एका वेळी पाचशे. पाचशे पेशींत एक टक्का म्हणजे पाच पेशी. ताज्या गव्हाच्या गटातली सगळी वाढ आणि तिचे आठवड्यागणिक चढते प्रमाण अशा मोजक्या पेशींवर उभे होते. त्यातल्या दोन-तीन पेशींबाबत मोजणाऱ्याचा निर्णय इकडचा तिकडे झाला असता तर आलेखाचा उतार बदलला असता.

आता तुलना गटाकडे वळू. एखाद्या व्यक्तीत पॉलिप्लॉइड पेशींचे खरे प्रमाण एक टक्का असले, तरी शंभर पेशी मोजल्यावर एकही न दिसण्याची शक्यता जवळजवळ सदतीस टक्के असते. म्हणजे शंभर पेशींत शून्य आढळणे ही सामान्य बाब आहे आणि त्यातून फार तर इतकेच म्हणता येते की प्रमाण तीन टक्क्यांहून जास्त नसावे. या अर्थाने एकेका बालकाचे शून्य फार काही सांगत नाही. परंतु साध्या गव्हाच्या गटात सर्व बालकांत, सुरुवातीच्या आणि नंतरच्या सर्व नमुन्यांत शून्यच आढळले. अशा नमुन्यांत मिळून दोन हजार पेशी मोजल्या गेल्या असे समजू आणि नैसर्गिक प्रमाण अवघे अर्धा टक्का धरू. तेव्हा दहाएक पॉलिप्लॉइड पेशी दिसायला हव्यात, आणि एकही न दिसण्याची शक्यता सुमारे बावीस हजारांत एक इतकी राहते. एकेकटे शून्य निरुपद्रवी आहे, पण सगळीकडे शून्य ही निसर्गाने दिलेली आकडेवारी वाटत नाही.

येथे घाईने निवाडा करणेही बरोबर होणार नाही. त्या प्रयोगशाळेच्या पद्धतीत नैसर्गिक प्रमाण खरोखरच शून्याजवळ असेल, उदाहरणार्थ पेशी कमी तास वाढवल्यामुळे, तर तुलना गटाचे शून्य समजण्यासारखे ठरते आणि मग विकिरित गटातील पेशींना अधिक महत्त्व येते. पाच बालकांच्या माहितीवरून या दोन शक्यतांत निवड करता येत नाही. त्यासाठी तोच प्रयोग दुसऱ्यांनी, अधिक पेशी मोजून करावा लागतो.

पुन्हा केलेले प्रयोग आणि दोघांची समिती

हैदराबादच्या संस्थेने स्वतः उंदीर आणि माकडांवर अभ्यास केले व ताज्या विकिरित गव्हाने पॉलिप्लॉइड पेशी वाढल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तुर्भ्याच्या संशोधकांनी उंदरांना विकिरित गहू खाऊ घालून अस्थिमज्जेतील पॉलिप्लॉइड पेशींचे प्रमाण मोजले, त्याखेरीज पुढच्या पिढीत गर्भमृत्यू वाढतो का याच्याही चाचण्या केल्या. त्यांना फरक आढळला नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राला या तंत्राचा प्रसार करायचा होता, म्हणून त्याचे निष्कर्ष जपून घ्यावेत हा आक्षेप त्या वेळी घेतला गेला आणि तो गैर म्हणता येत नाही. या दृष्टीने हैदराबादमधीलच उस्मानिया विद्यापीठातल्या ओ. एस. रेड्डी आणि सहकाऱ्यांचा १९७७ चा अभ्यास मला अधिक मोलाचा वाटतो. त्यांचा गट दोन्ही संस्थांच्या बाहेरचा होता आणि त्यांनाही विकिरित गहू खाणाऱ्या उंदरांत जनुकीय वा गुणसूत्रीय परिणाम दिसला नाही. इंग्लंडमध्येही उंदरांवर असा अभ्यास झाला आणि त्याचा निष्कर्षही याच दिशेचा होता.

दोन सरकारी संस्था परस्परविरोधी निष्कर्ष देत असल्याने केंद्र सरकारने दोन तज्ज्ञांना सगळी माहिती तपासायला सांगितले. एक होते विकिरण-जीवशास्त्र आणि जनुकशास्त्राचे अभ्यासक पी. सी. केशवन, दुसरे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी रोममध्ये सुमारे दोन दशके काम केले होते. या कामासाठी त्यांची निवड किती नेमकी होती हे सहज लक्षात येत नाही. सुखात्मे यांच्या पोषणविषयक लिखाणात एक मुद्दा वारंवार येतो: एकाच माणसाची गरज आणि त्याचे शारीरिक मोजमाप दिवसागणिक आपोआप खालीवर होत असते, आणि हे चढउतार लक्षात न घेता सरासरीवरून काढलेले निष्कर्ष फसवे ठरतात. ज्या माणसाने व्यक्तीच्या अंतर्गत चढउताराचा इतका विचार केला, त्याच्यासमोर चढउतारच नसलेला तुलना गट आला होता.

समितीने दोन्ही संस्थांच्या नोंदी तपासून १९७६ मध्ये अहवाल दिला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या माहितीतून विकिरित गव्हाचा जनुकीय अपाय सिद्ध होत नाही, तिच्यातील बराच भाग एकमेकांशी विसंगत आहे आणि जीवशास्त्रातील प्रस्थापित ज्ञानाशीही जुळत नाही, असा त्यांचा निर्णय होता. संस्थेने मात्र आपले निष्कर्ष मागे घेतले नाहीत. वैज्ञानिक वादात असे घडू शकते, पण त्याचा परिणाम असा झाला की नंतरच्या काळात ज्याला जो कागद सोयीचा वाटला त्याने तो पुढे केला: विरोधकांनी १९७५ चा निबंध आणि समर्थकांनी १९७६ चा अहवाल. दोन्ही संस्थांनी एकत्र बसून, त्याच काचपट्ट्या सांकेतिक क्रमांकांनी अदलाबदल करून पुन्हा मोजल्या असत्या तर वादाचा मोठा भाग काही महिन्यांत मिटला असता असे मला वाटते. मोजणीतला फरक खाणाऱ्याच्या रक्तात आहे की मोजणाऱ्याच्या डोळ्यात, हे ठरवण्याचा तोच सर्वांत थेट मार्ग होता.

या प्रकरणात बालकांविषयीही लिहिले पाहिजे. ती आजारी होती, उपचारासाठी आलेली होती आणि त्यांच्यावर जो गहू तपासला जात होता त्याबद्दल संशोधकांच्या मनातच शंका होती. मानवी सहभागाच्या संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले नैतिक धोरण १९८० मध्ये आले, म्हणजे प्रयोगाच्या वेळी देशात असे लिखित धोरणच नव्हते. आजच्या कसोटीवर हा प्रयोग मंजूर होणे अवघड आहे. आणि एकदा तो केलाच असेल, तर पंधरा बालकांच्या सोसण्यातून मिळालेल्या माहितीतून निश्चित उत्तर निघेल इतक्या पेशी मोजणे हे त्या बालकांचेच देणे होते. शंभर पेशींवर थांबण्यातली उणीव संख्याशास्त्राची आहे, पण मला ती त्याहून मोठी वाटते.

नंतरची वर्षे

जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९७६ मध्ये विकिरित गव्हाला विनाअट मान्यता दिली. बटाटा, पपई, स्ट्रॉबेरी आणि कोंबडीचे मांस हे पदार्थही त्याच यादीत होते. १९८० मध्ये याच समितीने पुढचे पाऊल टाकले: सरासरी १० किलोग्रेपर्यंतची मात्रा दिलेल्या कोणत्याही अन्नापासून विषबाधेचा धोका नाही आणि म्हणून प्रत्येक पदार्थाची वेगळी विषचाचणी करण्याचे कारण उरत नाही. १९८३ मध्ये कोडेक्सचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या आयोगाचे, जागतिक मानक त्यावर आधारून तयार झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८६ मध्ये ताज्या अन्नासाठी १ किलोग्रेपर्यंतची मात्रा मंजूर करताना हैदराबादच्या बालकांचा अभ्यासही तपासला आणि त्यातून अपाय सिद्ध होत नसल्याचे म्हटले.

चीनमध्ये १९८० च्या दशकात मोठ्या माणसांवर आठ आहार-चाचण्या झाल्या. त्यांत मिळून चारशेहून अधिक स्वयंसेवकांनी कित्येक आठवडे विकिरित अन्न खाल्ले आणि त्यांच्या गुणसूत्रांत, पॉलिप्लॉइड पेशी धरून, तुलना गटापेक्षा वेगळे काही आढळले नाही. ती माणसे निरोगी होती, कुपोषित बालके नव्हती, हे खरे. पण तेथे तुलना गटातही पॉलिप्लॉइड पेशी सापडल्या, हा तपशील या प्रकरणापुरता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

भारतात १९९४ मध्ये कांदा, बटाटा आणि मसाल्यांच्या विकिरणाला अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली परवानगी मिळाली. गव्हाचा रवा, आटा आणि मैदा या यादीत १९९८ मध्ये आले. हैदराबादचा निबंध प्रसिद्ध झाल्याला तेव्हा तेवीस वर्षे झाली होती, आणि तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत १९६७ च्या सुमारास ऐन उमेदीत रुजू झालेले संशोधक बहुतेक निवृत्तीला आले होते. धान्य व दळलेल्या धान्यातील कीड नष्ट करण्यासाठी आज भारतीय नियमांत ०.२५ ते १ किलोग्रे अशी मर्यादा आहे. त्या पंधरापैकी दहा बालकांना दिलेल्या गव्हाची ०.७५ किलोग्रेची मात्रा याच मर्यादेत येते.